कोटणीस डॉक्टरांची चिनी भाषा

शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ साली पडद्यावर आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा त्याला आधार होता, आणि सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांची भूमिका स्वतः बापूंनीच केली होती. त्या चित्रपटात चिनी सैनिक, चिनी शेतकरी आणि खुद्द चिनी नायिकाही अस्खलित हिंदुस्थानी बोलतात. चित्रपटाला हे माफ असते. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला संवाद समजले पाहिजेत. पण या सोयीपायी डॉक्टरांची एक मोठी कामगिरी पडद्याआड राहून गेली. उत्तर चीनच्या डोंगरात जखमी होऊन पडलेल्या शेतकऱ्याच्या पोराशी हा सोलापूरचा माणूस बोलत तरी कोणत्या भाषेत होता?

तो चिनी भाषेत बोलत होता. नुसता बोलत नव्हता, तर त्याच भाषेत वैद्यकाचे वर्ग घेत होता, आणि पुढे त्याच भाषेत पुस्तकही लिहीत होता.

चीनवर जपानची स्वारी चालू असताना सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी अशा पाच डॉक्टरांचे पथक त्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघाले. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पुरे नव्हते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेजात त्यांचे वैद्यकाचे शिक्षण झालेले. चिनी भाषेचा मात्र श्रीगणेशा तिकडे गेल्यावरच व्हायचा होता.

सोलापूरच्या मुलाला भाषांचे भय नसते. पेठेत मराठी, शेजारी कानडी, मागावर तेलुगू आणि नाक्यावर दखनी उर्दू, अशा चार भाषा त्याच्या कानावरून लहानपणीच जातात. पण या चौघींची एक खोड सारखी आहे. चौघीही क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतात. ‘मी भात खातो’ या वाक्यातले शब्द तेवढे बदला, मांडणी तीच राहते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या बोलींचा अभ्यास करून गंपर्झ आणि विल्सन या दोन विद्वानांनी १९७१ साली दाखवून दिले, की शतकानुशतके एकत्र नांदून तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी एकमेकींसारखी झाली आहे, की एका भाषेतले वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून उतरवता यावे. तेव्हा चार भाषा कानी असल्या, तरी सोलापूरकराच्या मनात वाक्याचा साचा एकच असतो. चीनमध्ये त्या साच्याला पहिला धक्का बसतो.

चिनी भाषेत ‘वो’ म्हणजे मी, ‘नी’ म्हणजे तू आणि ‘च्यौ’ म्हणजे वाचवणे. ‘वो च्यौ नी’ म्हणजे मी तुला वाचवतो. आता हेच तीन शब्द उलटे मांडा. ‘नी च्यौ वो’ म्हणजे तू मला वाचवतोस! शब्दांच्या अंगाला कुठे काना लागला नाही की मात्रा. केवळ जागा बदलल्या आणि डॉक्टरचा रोगी झाला. मराठीत असे घडत नाही. ‘मी तुला वाचवतो’, ‘तुला मी वाचवतो’, ‘वाचवतो मी तुला’, कसेही म्हणा, वाचवणारा कोण याविषयी संशय उरत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून आपण शाळेत ज्या विभक्ती घोकत आलो, त्यांचे हे उपकार आहेत. प्रत्ययाची चिठ्ठी गळ्यात बांधली, की शब्द वाक्यात कुठेही हिंडून येतो. चिनी शब्दाच्या गळ्यात अशी चिठ्ठी नाही. त्याची ओळख त्याच्या जागेवरून पटते, म्हणून त्याने जागा सोडायची नाही. कर्ता आधी, क्रिया मध्ये, कर्म नंतर.

यावरून एक स्वीडिश गृहस्थ आठवतात, आणि त्यांना इथे आणायला निमित्तही आहे. ज्या १९१० साली सोलापुरात द्वारकानाथांचा जन्म झाला, त्याच साली बर्नहार्ड कार्लग्रेन नावाचा विशीतला स्वीडिश विद्यार्थी चीनला गेला. शान्सी प्रांतातील थाइयुआन शहरी राहून त्याने वीसहून अधिक चिनी बोलींचे उच्चार टिपले, आणि पुढे चिनी भाषेच्या इतिहासाचा तो मोठा पंडित झाला. त्याच्या मायबोलीची शिस्त मोठी मौजेची आहे. स्वीडिशच्या साध्या विधानात दुसरे पान क्रियापदाचे राखीव! ‘मी जातो आज सोलापूरला’, ‘आज जातो मी सोलापूरला’, ‘सोलापूरला जातो मी आज’. पहिल्या पानावर कोणीही बसो, यजमान आपले दुसऱ्या पानावर. नवशिक्याची पहिली चूक हटकून इथेच होते. ‘आज’ आधी म्हटले की तो ‘मी’ला पुढे बसवतो आणि पंगत मोडते. हो-नाहीचा प्रश्न विचारताना मात्र क्रियापद पहिल्या पानावर सरकते. या भाषेत पुस्तकाला ‘बूक’ म्हणतात आणि ‘ते पुस्तक’ म्हणायचे झाले की ‘बूकेन’. म्हणजे नामाला शेवटी शेपूट जोडण्याची चाल आपल्यासारखीच.

अशा घरातून आलेल्या कार्लग्रेनला चिनी ‘वो’ पाहून शंका आली, की ही भाषा मुळापासूनच अशी प्रत्ययहीन होती का? कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांच्या वचनांतील सर्वनामे मोजून त्याने १९२० साली प्रतिपादन केले, की प्राचीन काळी ‘मी’ आणि ‘मला’ यांना चिनीतही निरनिराळी रूपे असावीत, आणि आजचा ‘वो’ हा मूळचा ‘मला’च्या घराण्यातला असावा. सगळ्या पंडितांनी हे मानले नाही. मला मात्र ही कल्पना फार आवडते. आज जागेवरून ओळखला जाणारा शब्द एके काळी अंगावर खूण वागवीत असेल!

पुढे याच शान्सीच्या सरहद्दीवरच्या डोंगरी मुलुखात कोटणिसांनी आपले काम केले. तिथपर्यंत पोचलेला मराठी माणूस पहिला धक्का पचवून पाहू लागला, की त्याला दिसते, चिनी भाषा काही बाबतींत इंग्रजीहून आपल्याला कितीतरी जवळची आहे. तिथे आडनाव आधी येते आणि नाव मागून, अगदी आपल्या हजेरीपटासारखे. पथकातल्या पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. डॉक्टरला उत्तरेकडे म्हणतात ‘दाइफू’, आणि ही पदवी नावानंतर येते. म्हणून ते ‘के दाइफू’. इंग्रजीत ‘डॉक्टर कोटणीस’ म्हणावे लागते, पण सोलापुरात कोणीही ‘कोटणीस डॉक्टर’च म्हणेल, जसे आपण जोशीमास्तर किंवा पाटीलबाई म्हणतो.

प्रश्न करायचा तर वाक्य आहे तसे ठेवून शेवटी ‘मा’ लावायचा. ‘नी ह छा मा?’ म्हणजे तुम्ही चहा घेता का? आपला ‘का’ आणि त्यांचा ‘मा’ एकाच जागी बसतात. (आपला चहादेखील मुळात तिकडचाच.) ‘मी काल तपासलेला रोगी’ हा शब्दसमूह तर चिनीत जसाच्या तसा, त्याच क्रमाने उतरतो. इंग्रजीत मात्र रोगी आधी, मग ‘ज्याला’, मग मी, आणि काल बिचारा सर्वांत शेवटी.

आणि वैद्याचा पहिला प्रश्न? दुखण्याला चिनीत ‘थंग’ म्हणतात आणि कुठे याला ‘नाली’. ‘नाली थंग?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ पद दोनच, आणि क्रम तोच. ‘वो थौ थंग’ म्हणजे ‘माझे डोके दुखते’. युरोपातल्या कित्येक भाषांत दुखणे ही जवळ बाळगण्याची वस्तू असते. स्वीडिश माणूस तर ‘मला डोक्यात दुखणे आहे’ अशा थाटात बोलतो. सोलापूरचे आणि शान्सीचे डोके मात्र आपले आपणच दुखते.

सूर हे खरे अवघड प्रकरण. एकच ‘थांग’ सरळ उंच सुरात म्हटला तर रस्सा, चढत्या सुरात साखर, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात आडवे होणे, आणि पडत्या सुरात पोळणे. इस्पितळात चारही अर्थ रोजच्या कामाचे! रोग्याला ‘आडवा हो’ म्हणायचे आणि त्याने साखरेची वाट पाहायची. उदात्त-अनुदात्तांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या कानांनाही हा सूर पकडायला महिने लागतात, आणि चुकला की समोरचा हसतो. हसू घेता आले पाहिजे, भाषा शिकणाऱ्याची ती फीच आहे.

पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. एकेक करून सहकारी परतू लागले. घरी वडील वारल्याची बातमी कोटणिसांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. त्या डोंगराळ आघाडीवर त्यांच्या आधी कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने तिथेच देह ठेवला होता. बेथ्यून दुभाष्यामार्फत बोलत. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या इस्पितळाची सूत्रे कोटणिसांकडे आली, तेव्हा रोगी आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाष्या उरला नव्हता. विद्यार्थ्यांपुढे फळ्याशी उभे राहून ते चिनीत शिकवत. जखम कशी धुवावी, रक्त कसे थांबवावे, यातला एक शब्द जागा चुकला तर काय होईल, हे ‘वो च्यौ नी’ उलटे करून पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या ऑगस्टात मुलगा झाला, त्याचे नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मराठी व्याकरणात याला द्वंद्व समास म्हणतात.

मधल्या काळात लिखाण चालूच होते. शस्त्रवैद्यकाची सामान्य तत्त्वे सांगणारे त्यांचे चिनी पुस्तक पुरे झाले. निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांवरचे दुसरे त्यांनी हाती घेतले होते. अपस्माराचे झटके मधूनमधून येत होते, तरी लेखणी थांबली नव्हती. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. ते दुसरे पुस्तक अर्धेच राहिले.