पंखावरील आडवी शीर : उत्क्रांति-सिद्धान्ताच्या पुनर्विचाराचा एक ऐतिहासिक मागोवा

ऑक्टोबर २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा पुनर्विचार आवश्यक आहे काय, हा प्रश्न उपस्थित करून त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच ठिकाणी प्रसिद्ध केली. केव्हिन लालँड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते असा पुनर्विचार तातडीने व्हावयास हवा होता. ग्रेगरी रे, होपी होकस्ट्रा आदींच्या मते विद्यमान सिद्धान्ताच्या चौकटीत या साऱ्या विषयांचा अभ्यास सुरूच होता. उत्क्रांती घडली की नाही, याविषयी मात्र यांपैकी एकाही लेखकाला शंका नव्हती. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे, की आपल्याकडे या वादाचा अर्थ सोयीस्करपणे लावला जाण्याचा धोका आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद करावा लागला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. अशा वातावरणात 'सिद्धान्त सुधारावा' आणि 'सिद्धान्त खोटा आहे' या दोन विधानांतील अंतर वर्गात स्पष्ट करावयाचे, तर त्या वादाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एकाच प्रयोगाचा विचार केला आहे.

ज्याला आज 'आधुनिक संश्लेषण' म्हणतात, त्याची घडण साधारणतः १९१८ ते १९४७ या काळात झाली. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर ते डार्विनच्या विचाराला मारक ठरतील असे अनेकांना वाटले होते. सूक्ष्म व सलग भेद हेही मेंडेलच्या नियमांनीच स्पष्ट होऊ शकतात, हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखविले. फिशर, सिवॉल राइट आणि जे. बी. एस. हाल्डेन यांच्या गणिती पायावर डॉबझान्स्की (१९३७), मायर (१९४२) व सिम्पसन (१९४४) यांनी इमारत उभी केली. १९४२ मध्येच ज्यूलियन हक्सली यांच्या ग्रंथाने तिला नाव दिले. आनुवंशिकी, वर्गीकरणशास्त्र, जीवाश्मविज्ञान या शाखा तीत सामावल्या. भ्रूणविज्ञान मात्र बहुतांशी उंबरठ्याबाहेरच राहिले. जनुकात बदल होतो आणि प्राण्यात बदल दिसतो, एवढे गृहीत धरले की गणित चालत होते. मधल्या वाटेवर काय घडते हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा तरी होता.

तो प्रश्न आपला मानणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन. एडिंबरा येथे त्यांनी ड्रोसोफिला या फळमाशीवर केलेला प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकवीस ते तेवीस तास वयाच्या कोषांना त्यांनी चार तास ४० अंश सेल्सिअस तापमानात ठेवले. त्यांतून बाहेर पडलेल्या काही माश्यांच्या पंखांवरील एक आडवी शीर तुटलेली वा नाहीशी झालेली होती. एरवी कोणीही या विकृतीची नोंद घेऊन पुढे गेला असता. वॉडिंग्टन यांनी तशाच माश्या निवडून त्यांची पैदास केली, पुढच्या पिढीच्या कोषांना पुन्हा तोच उष्णतेचा आघात दिला, पुन्हा निवड केली. शीर शाबूत राहिलेल्या माश्यांची उलट दिशेची निवडही त्यांनी समांतर चालू ठेवली. पहिल्या वाणात शीरविहीन माश्यांचे प्रमाण वाढत गेले, दुसऱ्यात घटत गेले. येथवर नवल नाही. परंतु सुमारे चौदा पिढ्यांनंतर पहिल्या वाणातील काही माश्यांत आघात न देताही शीर नाहीशी झालेली आढळली. बाह्य परिस्थितीने घडविलेला गुण आता आनुवंशिक झाला होता.

हा लामार्कचा विजय होता काय? वॉडिंग्टन यांचे उत्तर नकारार्थी होते. उष्णतेने नवे जनुक निर्माण केले नव्हते. त्या माश्यांत आधीपासून सुप्त असलेली आनुवंशिक विविधता उष्णतेमुळे दृश्य झाली आणि दृश्य झाल्यामुळेच निवडीच्या हाती लागली. आनुवंशिक विविधता जवळजवळ नसलेल्या वाणांत असा परिणाम साधत नाही, हे पुढील प्रयोगांतून दिसले आणि या स्पष्टीकरणाला बळकटी आली. त्यांनी या प्रक्रियेस आनुवंशिक आत्मसातीकरण म्हटले.

तथापि काळ अनुकूल नव्हता. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियात लायसेंकोच्या आग्रहाने मेंडेलीय आनुवंशिकी हद्दपार झाली होती, आणि 'अर्जित गुण' या शब्दांना राजकारणाचा वास येऊ लागला होता. वॉडिंग्टन यांनी तर आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ते शब्द वापरले. (निर्दोष निष्कर्षाला शीर्षक भोवण्याचे हे एकमेव उदाहरण खचितच नसेल.) १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी अनुकूलनावरील आपल्या प्रभावी ग्रंथात या प्रक्रियेला फारसे महत्त्व देण्याचे नाकारले.

याच सुमारास वादातील एक महत्त्वाचा लेख भारतात लिहिला गेला. हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भुवनेश्वरला स्थिरावले. जनुकांना पिशवीतील घेवड्याच्या दाण्यांसारखे सुटे मानून केलेली बेरीज-वजाबाकी म्हणजे उत्क्रांतीचा अभ्यास नव्हे, अशी टीका मायर यांनी केली होती. हाल्डेन यांनी १९६४ मध्ये, म्हणजे आपल्या मृत्यूच्या वर्षी, त्या 'दाण्यांच्या आनुवंशिकी'चे भुवनेश्वरहून समर्थन केले. गणिताचा उपयोग नेमके प्रश्न विचारण्यासाठी असतो, असा त्यांचा रोख होता. संश्लेषणाच्या दोन शिल्पकारांमध्येच असा मतभेद असावा, ही गोष्ट सिद्धान्ताला एकसंध किल्ला समजणाऱ्या दोन्ही पक्षांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९९८ मध्ये सुझन रदरफर्ड व सुझन लिंडक्विस्ट यांनी फळमाशीतील एचएसपी ९० या प्रथिनाची क्रिया क्षीण केली असता दडलेले आनुवंशिक भेद उघड होतात आणि निवडीने ते टिकविता येतात, हे दाखविले. वॉडिंग्टन यांच्या तर्काला रेणूंच्या पातळीवर आधार लाभला. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रियातील आल्टेनबर्ग येथे सोळा अभ्यासकांनी 'विस्तारित संश्लेषणा'वर विचारविनिमय केला. २०१४ चा वाद हा त्याचाच पुढचा टप्पा.

प्रस्तुत लेखकाच्या मते १९५३ च्या प्रयोगाने फिशर यांचे एकही समीकरण मोडत नाही. या अर्थी पुनर्रचनेची मागणी अतिरंजित आहे. मात्र कोषाला ऊब लागली असता कोणते भेद दृश्य होतील, हे त्या समीकरणांतून निघत नाही, आणि निवड तर दृश्य झालेल्या भेदांवरच होते. म्हणून 'हे सारे आम्हाला ठाऊकच होते' हे उत्तरही पुरेसे नाही. विस्तार हवा, पण तो ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टासारखा नव्हे. भेद कसे घडतात हा प्रश्न निवडीच्या प्रश्नाशेजारी पहिल्याच प्रकरणात यावयास हवा. जनुकबाह्य वारशाविषयी मात्र सावधगिरी बाळगणे इष्ट. वनस्पतींत त्याचे पुरावे भक्कम आहेत. सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक खुणा जननपेशींत व गर्भाच्या आरंभीच पुसल्या जातात.

'एपिजेनेटिक्स' हा शब्दही वॉडिंग्टन यांनीच १९४२ मध्ये योजलेला. आज तो पाठ्यपुस्तकांत बहुधा डीएनएवरील मेथिल गटांच्या संदर्भात भेटतो. त्यांना अभिप्रेत होता तो जनुकांपासून देह कसा घडत जातो याचा अभ्यास.