बाबा, शिवडी आणि अग्निपंख

परवाच्या रविवारी पहाटेच बाबांना घेऊन दादरहून निघालो. स्लो लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, पुढे रिक्षा. आठवडाभर प्रोडक्शनमधल्या बग्जनी डोकं पिकवलं होतं, म्हटलं एक दिवस दुर्बिणीतून बघू. बोटीची वाट बघत बसलो असताना बाबांनी विचारलं, "फ्लेमिंगो बघायला एवढ्या लांब? आपल्या शिवडीला काय झालं?"

प्रश्न रास्त होता. मी कॉलेजात असताना बाबाच मला शिवडीच्या जेट्टीवर न्यायचे. दादरहून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. गंजलेली जहाजं, डिझेलचा वास, आणि समोर चिखलात हजारो गुलाबी पक्षी! तिकीट नाही, बुकिंग नाही, फक्त भरतीची वेळ बघून जायचं. पाणी चढायला लागलं की पक्षी आपोआप काठाकडे सरकतात.

फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित. अग्निपंख असंही झकास नाव आहे, पण लोकलमध्ये ते उच्चारलं तर लोकांना कलामसाहेबांचं पुस्तक आठवतं. असो. हा पक्षी काही मूळचा मुंबईकर नाही. इथे तो अंडी घालत नाही. मातीचे बुटके बुरूज रचून घरटी करतो ती कच्छच्या रणात. आपल्या मुंबईचे सलीम अली १९४५ साली रणातल्या त्या वसाहतीत पोचले होते आणि तिथल्या पक्ष्यांचा त्यांचा अंदाज लाखांच्या घरातला होता. शिवडीला मात्र मोठे थवे दिसू लागले ते १९९० च्या दशकात. म्हणजे गिरण्यांचे भोंगे बंद पडत होते त्याच सुमारास हे नवे लोक चिखलात कामाला लागले.

आणि आले कशासाठी? इथे जरा अवघड जागेचं दुखणं आहे. धाकट्या रोहितचं मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म शेवाळ. चोच उलटी बुडवून तो पाणी गाळतो आणि शेवाळ ठेवून घेतो. खाडीत आपण सोडलेल्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर हे शेवाळ जोमाने वाढतं. पंखांचा गुलाबी रंगही खाण्यातल्या रंगद्रव्यांचाच. थोडक्यात, ज्या देखण्या रंगाचे आपण फोटो काढतो त्यात आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे. (हे मी बोटीत मोठ्याने बोललो, शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं.)

पक्षीनिरीक्षक शिवडीबद्दल लिहीत राहिले, आणि २००४ साली महूल-शिवडी खाडीचं नाव देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आलं. पण अशा यादीला कायद्याचं बळ नसतं. ते मिळालं ऑगस्ट २०१५ मध्ये, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला. जवळपास १,६९० हेक्टर, त्यात अर्ध्याहून जास्त खारफुटी. २०२२ साली रामसर दर्जाही मिळाला. फक्त अभयारण्याची रेघ ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंत. शिवडी रेघेच्या बाहेर!

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे जिथे लोकांनी आधी पाहिले, तीच जागा सोडली?"

बरं, पक्ष्यांना ही रेघ कुठे ठाऊक? ओहोटीला ते एका चिखलावर, भरतीला दुसरीकडे. शिवडीहून निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. २१.८ किलोमीटरचा. मी स्वतः त्यावरून दोनदा भुर्रकन गेलोय, तेव्हा उगाच साळसूदपणा नको. पण बांधकामाच्या वर्षांत आम्ही शिवडीहून दोन-तीनदा नुसतेच क्रेन बघून परत आलो, तेही खरं. आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून जास्त रोहित मेले. अभयारण्याच्या बाहेरही त्यांचं जगणं चालूच असतं, त्याची ती खूण.

बोट निघाली. दोन्हीकडे तिवरं, पाण्याला मचूळ वास. वळणावर बाबांनी माझा दंड पकडला. समोर ढग खाली उतरल्यासारखा थवा, माना खाली घालून गाळण्यात गुंग. बोटीवाल्याने इंजिन बंद केलं. लॅपटॉपचा पंखा थांबल्यावर खोली शांत होते ना, तसं झालं. त्या शांततेत त्यांची कुरकुर ऐकू आली, बदकांच्या जवळपासची. बाबा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. हा आमच्या घरी विक्रम आहे.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "छान आहे. पण इथे मला बोटीने आणावं लागतं. शिवडीला मी एकटा जाऊ शकतो."

आज सकाळी बघितलं तर त्यांनी पेपरातली भरतीच्या वेळांची चौकट कापून फ्रिजवर लावलीय.