पडद्यापलीकडची वाट : अचानक येणारा बहिरेपणा आणि कानातले इंजेक्शन

१/ रात्री झोपताना दोन्ही कान ठीक असतात. सकाळी एक कान मुका होतो. ना वेदना, ना मार. डच वैद्य द क्लाइन यांनी १९४४ साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. कारण बहुतेकदा आजही सापडत नाही.

२/ १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन वापरले. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दाह शमवणारे हे औषध पुढे कानासाठीही दिले जाऊ लागले.

३/ पण गुण औषधाचा की निसर्गाचा? १९८० मध्ये विल्सन व सहकाऱ्यांनी तुलना केली. स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के सुधारले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रुग्ण आपोआपच सुधारत होते.

४/ पोटातून दिलेले स्टेरॉइड साऱ्या शरीरात फिरते, रक्तातील साखर वाढवते आणि आंतरकर्णात थोडेच पोहोचते. दुसरी वाट ठाऊक होती. १९५०च्या दशकात शुकनेख्ट यांनी मेनिएर विकारातील भोवळ थांबवण्यासाठी मध्यकर्णातून स्ट्रेप्टोमायसिन देऊन तोलाचे इंद्रिय निकामी केले होते. नाश करणारी तीच वाट १९९०च्या दशकात श्रवण वाचवण्यासाठी वापरली जाऊ लागली.

५/ पडदा बधिर करून बारीक सुईने औषध मध्यकर्णात सोडतात. रुग्ण तो कान वर करून काही वेळ निजून राहतो. औषध ‘गोल खिडकी’च्या पातळ पटलातून आत झिरपते.

६/ १९९९ मध्ये कॅनडात पार्न्स यांच्या गटाने गिनीपिगवर दाखवले की या वाटेने आंतरकर्णातील द्रवात औषध कितीतरी जास्त पोहोचते. मग श्रवणही तितकेच अधिक सुधारेल? २०११ मध्ये अमेरिकेत २५० रुग्णांवरील चाचणीने उत्तर दिले : दोन महिन्यांनी गोळ्यांनी ३०.७ डेसिबल, इंजेक्शनांनी २८.७ डेसिबल सुधारणा. दोन्ही जवळपास सारखेच.

७/ तरीही सुई वाया गेली नाही. ज्यांना मधुमेहामुळे गोळ्या झेपत नाहीत, त्यांना पर्याय मिळाला. गोळ्यांनी पूर्ण गुण न आलेल्यांना दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान इंजेक्शन सुचवावे, असे २०१९ची अमेरिकी मार्गदर्शिका सांगते. पहिले स्टेरॉइड मात्र दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे.

८/ वाट कोणतीही असो, वेळ निसटता कामा नये. एकाच कानात अचानक दडा बसला, तर मळ किंवा सर्दी समजून थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी श्रवणचाचणी करून घ्यावी.