टक्क्याच्या चिन्हामागची आज्ञा

१९८८ सालच्या शरद ऋतूतील एक वादळी रात्र. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरी बसून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या युनिक्स संगणकावर काम करत होते. वादळामुळे तारेवर खरखर होई आणि त्यांनी टंकलेल्या आज्ञांत भलतीच अक्षरे मिसळत. यात नवल काहीच नव्हते. नवल याचे होते, की अशा चार-दोन भरकटलेल्या अक्षरांनी रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळत होते.

मिलर यांनी तो प्रश्न विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. प्रोग्रामांना मुद्दाम अर्थहीन अक्षरे भरवायची आणि कोणता कोसळतो ते पाहायचे. सुमारे ९० प्रोग्राम तपासले गेले. युनिक्सची आवृत्ती कोणतीही घेतली, तरी त्यांतले पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम या माऱ्यापुढे टिकत नव्हते. १९९० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

बहुतेक प्रोग्राम परिचित चुकांनी पडले होते. ‘सी-शेल’ या प्रोग्रामची तऱ्हा मात्र निराळी होती. त्याला पाडणाऱ्या ओळीत ‘!’ आणि ‘%’ अशी दोन चिन्हे होती. ‘!’ म्हणजे मागे दिलेली एखादी आज्ञा पुन्हा चालवण्याची खूण. तशी आज्ञा सापडली नाही, म्हणून सी-शेलने ती ओळ ‘असे काही आढळले नाही’ या संदेशासह छापायला घेतली, आणि छापता छापता तो स्वतःच कोसळला. मजकूर नुसता छापल्याने प्रोग्राम मरावा, हे कसे?

याचे उत्तर शोधायला तीस वर्षे मागे जावे लागते.

संगणकाच्या पोटात संख्या दोनच अंकांच्या भाषेत असते. माणसाला ती वाचता यावी म्हणून तिचे अक्षरांत रूपांतर करावे लागते: किती जागा सोडायची, दशांशचिन्हानंतर किती अंक दाखवायचे, मजकुरात ती नेमकी कुठे बसवायची. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा दिली, तेव्हा या कामासाठी ‘फॉरमॅट’ नावाचे स्वतंत्र विधान तिच्यात होते. पूर्णांकासाठी ‘आय’, अपूर्णांकासाठी ‘एफ’ आणि मजकुरासाठी ‘एच’, म्हणजे छिद्रपत्रिकांचे जनक हॉलरिथ यांचे आद्याक्षर. या ‘एच’च्या आधी मजकुरात किती अक्षरे आहेत तो आकडा लिहावा लागे, आणि ती अक्षरे प्रोग्रामर बोटांनी मोजत असे. मोजणी एकाने चुकली, की पुढचे सारे बिघडे.

पुढची पायरी इंग्लंडमधली. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये बीसीपीएल ही भाषा रचली. तिच्या लायब्ररीतील ‘राइटएफ’ या फंक्शनमध्ये मजकूर आणि सूचना एकाच ओळीत गुंफलेल्या असत. जिथे ‘%’ आणि पुढे एखादे अक्षर येई, तिथे त्या अक्षराच्या सांगण्यानुसार पुढची किंमत बसवली जाई. बाकी मजकूर जसाच्या तसा. ही कल्पना इतकी सुटसुटीत होती, की बेल लॅब्जमध्ये केन टॉमसन यांनी बीसीपीएलवरून ‘बी’ ही भाषा बेतली तेव्हा ती सोबत आली आणि तिचे नाव ‘प्रिंटएफ’ झाले. तिथून ती डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेत उतरली.

इथे एक बारकावा आहे आणि सारा इतिहास त्यावरच उभा आहे. बीसीपीएल आणि बी या भाषांत किमतींना प्रकार नव्हते. मेमरीतला एक शब्द म्हणजे संख्या, अक्षर की दुसऱ्या जागेचा पत्ता, हे भाषेला ठाऊकच नसे. ते फक्त ‘%’च्या पुढचे अक्षर ठरवी. ‘डी’ लिहिले तर संख्या, ‘एस’ लिहिले तर तोच शब्द मजकुराचा पत्ता. सी भाषेत प्रकार आले, पण प्रिंटएफने आपली जुनी रीत सोडली नाही. आपल्याला किती किमती मिळाल्या आणि त्या कोणत्या प्रकारच्या आहेत, हे ती साच्याच्या ओळीतूनच वाचते. ती ओळ म्हणेल ते तिला प्रमाण. ओळीत चार खुणा असतील आणि किंमत एकही दिलेली नसेल, तर ती मेमरीत पुढे जे पडले असेल ते उचलून छापते.

साच्याची ही ओळ दिसायला मजकूर आहे. वस्तुतः तो एक छोटासा प्रोग्राम आहे. सी-शेलने वापरकर्त्याने टंकलेली ओळ ‘छापायचा मजकूर’ म्हणून न देता साच्याच्या जागी दिली होती. ओळीत योगायोगाने ‘%’ होता. प्रिंटएफने त्याची आज्ञा मानली.

हा धोका कुणाच्याच ध्यानात आला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्याच १९८८ सालची. अनोळखी मजकूर थेट साच्याच्या जागी देऊ नये, त्यात ‘%’ असेल तर घात होईल, आधी ‘एस’ची खूण देऊन मग तो मजकूर द्यावा, असा इशारा तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे. पण तो एका ओळीचा होता, आणि पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा प्रिंटएफ वापरणारे कितीतरी अधिक होते.

१९८९ मध्ये अमेरिकेत सी भाषेचे अधिकृत प्रमाणक ठरले. त्यात खुणांच्या यादीत ‘एन’ हे एक अक्षर आहे. बाकीची अक्षरे छापतात, ‘एन’ काहीही छापत नाही. आतापर्यंत किती अक्षरे छापून झाली, तो आकडा ते दिलेल्या पत्त्यावर लिहून ठेवते. स्तंभ जुळवायला उपयुक्त, एवढाच त्याचा हेतू. पण यामुळे छापण्याच्या यंत्रणेला मेमरीत लिहिण्याचा अधिकार मिळाला, आणि कुठे व किती लिहायचे हे साच्याच्या ओळीवरून ठरू लागले.

पुढची दहा वर्षे सी-शेलसारखे प्रसंग नुसते ‘कोसळणे’ म्हणून पाहिले गेले. सप्टेंबर १९९९ मध्ये टिम ट्विलमन यांनी ‘प्रोएफटीपीडी’ या फायली पोचवणाऱ्या सर्व्हरची तपासणी करताना तीच चूक शोधली, आणि तिच्या आधारे सर्व्हरचा ताबा घेता येतो हे दाखवले. तरी फारसे कुणी हलले नाही. जून २००० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून (सिएटलचे नव्हे, सेंट लुईसचे) निघालेल्या ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ या अतिशय लोकप्रिय सर्व्हरवरचा हल्ला जाहीर झाला, तेव्हा मात्र झोप उडाली. निनावी पाहुणा म्हणून प्रवेश घ्यायचा, एका आज्ञेत ‘%’ आणि ‘एन’ यांची नेमकी मांडणी करून पाठवायची, आणि दूरच्या यंत्रावर सर्वोच्च अधिकार हाती यायचा.

जानेवारी २००१ मध्ये ‘रामेन’ नावाचा किडा रेड हॅट लिनक्सच्या यंत्रांवर पसरला. संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावर तो शेवयांच्या पाकिटाचे चित्र लावी, आणि आपण ज्या भोकातून शिरलो ते बुजवूनही टाकी. त्याच्याकडे आत शिरण्याचे तीन मार्ग होते, तीन वेगळ्या प्रोग्रामांतले. तिन्हींत चूक एकच होती: परक्याचा मजकूर साच्याच्या जागी.

मग उपाय झाले. कंपाइलर अशा ओळींवर बोट ठेवू लागले. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या सी लायब्ररीत ‘एन’ खूण मुळातच बंद ठेवली, आणि अँड्रॉइडच्या लायब्ररीतून ती पुढे हद्दपार झाली. प्रमाणकात ती अजून आहे.

एवढ्यावर हा धागा संपला असता. पण स्टँडर्ड लायब्ररीच्या दुसऱ्या टोकाला हीच गोष्ट पुन्हा घडत होती.

छापणे म्हणजे किमतीचा मजकूर करणे. त्याचा भाऊ म्हणजे सीरियलायझेशन: मेमरीतली गुंतागुंतीची रचना बाइटांच्या सरळ रांगेत उतरवायची, साठवायची किंवा पाठवायची, आणि पलीकडे तिच्यातून तीच रचना पुन्हा उभी करायची. मोड्युला-३ भाषेत आणि नंतर पायथॉनमध्ये या सोयीचे नाव ‘पिकल’, म्हणजे लोणचे. नाव चपखल आहे. बरणीत जे घातले ते महिन्यांनी तसेच निघावे. मात्र पायथॉनच्या बरणीत फोडींऐवजी पाककृती असते. ‘हे फंक्शन घे, या किमती दे, त्याला चालव’ अशा सूचनांची ती यादी आहे, आणि उघडणारा ती निमूटपणे पाळतो. परक्याची बरणी उघडू नका, असा ठळक इशारा पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात आहे.

जावा भाषेत ही सोय फेब्रुवारी १९९७ मध्ये १.१ या आवृत्तीबरोबर आली. एका यंत्रावरच्या प्रोग्रामने दुसऱ्या यंत्रावरच्या ऑब्जेक्टशी सहज बोलावे, हे सन मायक्रोसिस्टिम्सचे स्वप्न होते. क्लासच्या व्याख्येत एक शब्द जोडला, की तो प्रवासाला सिद्ध. सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांनी ही सोय हातोहात उचलली.

तिच्यातला दोष क्रमाचा होता. कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट उभारायचा, हे येणारी बाइटांची रांगच सांगे. तो उभारताना त्या क्लासचा स्वतःचा कोड चाले. ‘मला अपेक्षित होता तोच प्रकार आला का’ ही तपासणी त्यानंतर होई. पाहुणा घरभर फिरून आल्यावर त्याचे नाव विचारण्यासारखे हे होते. जानेवारी २०१५ मध्ये ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी कॅलिफोर्नियातील परिषदेत दाखवले, की ‘कॉमन्स कलेक्शन्स’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतील निरुपद्रवी क्लास एकमेकांना साखळीसारखे जोडले, तर नुसत्या वाचण्यातून हवी ती आज्ञा चालवता येते. पुन्हा तेच घडले. दहा महिने शांतता. नोव्हेंबरमध्ये वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेंकिन्स अशा नामवंत सर्व्हरांवर ते प्रत्यक्ष करून दाखवले गेल्यावर धावपळ. २०१७ मध्ये जावात येणाऱ्या रांगेला चाळणी लावण्याची सोय झाली. २०१८ मध्ये जावाचे मुख्य रचनाकार मार्क राइनहोल्ड यांनी १९९७ चा तो निर्णय भयंकर चूक असल्याचे जाहीरपणे सांगितले. जावातील एक तृतीयांश, कदाचित निम्मे सुरक्षादोष सीरियलायझेशनशी निगडित असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

डिसेंबर २०२१ मध्ये या दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्या. ‘लॉगफोरजे’ ही जावा प्रोग्रामांच्या घडामोडींची नोंद लिहिणारी लायब्ररी. नोंदीच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंस दिसले, की ती आतील शब्दांना साचा समजून त्यांची किंमत शोधून बसवी. २०१३ मध्ये तिला आणखी एक क्षमता मिळाली होती: ती किंमत जावाच्या ‘जेएनडीआय’ या सोयीद्वारे दुसऱ्या यंत्राकडूनही मागवता येई. दुसरे यंत्र उत्तरात सीरियलाइझ केलेला ऑब्जेक्ट पाठवू शके, आणि इकडे तो उभा राही.

म्हणजे मजकूर साचा झाला, साच्याने बरणी मागवली आणि बरणीने आज्ञा चालवली. सर्व्हर तर परक्यांनी टंकलेले सारे काही नोंदवतच असतात. माइनक्राफ्ट खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ लिहिणे पुरेसे होते. या दोषाला तीव्रतेच्या मापावर १० पैकी १० गुण मिळाले.

दुरुस्ती करणारे बहुतांशी आपापल्या नोकऱ्या सांभाळून ही लायब्ररी विनामोबदला जपणारे स्वयंसेवक होते. पहिल्या दुरुस्तीत फट राहिली. मग डिसेंबरच्या मध्यावर आलेल्या २.१६ या आवृत्तीत संदेशाच्या मजकुरात साचा शोधण्याची ती क्षमताच काढून टाकण्यात आली. जावातील १९९७ ची सोय मात्र अजून लायब्ररीत आहे. तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम इतके आहेत, की तिला चाळणी लावता आली, काढता आलेली नाही.