तांबडा तांदूळ आणि रक्तांतील मेद

एखाद्या प्राचीन औषधाचा गुण अर्वाचीन शास्त्रानें मान्य केला, कीं 'हें तर पूर्वजांस ठाऊकच होतें' असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो कितपत रास्त आहे, हें पाहण्यास चीनमधील 'होंगछू'चा इतिहास उपयोगी पडेल.

शिजविलेल्या तांदळावर मोनॅस्कस नांवाची बुरशी वाढवून तो वाळविला म्हणजे होंगछू होतो. मद्य करण्यास व मांसास रंग आणण्यास चिनी लोक तो शतकानुशतकें वापरीत आले आहेत. ली शिझेन या वैद्यानें सत्तावीस वर्षें खपून १५७८ सालीं 'बेन्‌त्साओ गांगमू' हा औषधिकोश पुरा केला. त्यांत होंगछू अन्नपचनास साह्य करतो व रक्ताची गति मोकळी करतो, असें म्हटलें आहे. रक्तांतील मेदाचा उल्लेख तेथें नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें. कोलेस्टेरॉलचें नामकरण एकोणिसाव्या शतकांतलें आहे.

पुढील शोधही या कोशांतून निघाला नाहीं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनीं १९७१ पासून सुमारें सहा हजार बुरशा तपासल्या, व १९७९ सालीं मोनॅस्कसमधून 'मोनॅकोलिन के' हें द्रव्य वेगळें केलें. यकृतांत कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया तें अडवितें. मग यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेतें. १९८७ सालीं अमेरिकेंत मान्यता पावलेलें 'लोव्हास्टॅटिन' हें औषध म्हणजे हेंच द्रव्य. होंगछूच्या 'शुएझिकांग' या अर्काची चीनमध्यें, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारें ४,९०० रुग्णांवर परीक्षा झाली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, पुन्हां झटका येणें वा हृदयविकारानें मृत्यु होणें हें प्रमाण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत शेंकडा १०.४, तर अर्क घेणाऱ्यांत ५.७ होतें.

परंतु गुण तोच म्हटल्यावर दोषही तेच. लोव्हास्टॅटिनप्रमाणें होंगछूही स्नायूंस व यकृतास अपाय करूं शकतो; शिवाय कांहीं बुरशा मूत्रपिंडांस घातक असें सिट्रिनिन निर्माण करतात. म्हणूनच युरोपीय संघानें २०२२ सालीं, पूरक अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या होंगछूंतील मोनॅकोलिनचें रोजचें प्रमाण तीन मिलिग्रॅमहून कमी असावें, असा नियम केला. 'वनस्पतीचें आहे, बाधणार नाहीं' असें समजून वैद्याच्या सल्ल्यावांचून तो घेणें म्हणजे मात्रा न पाहतां औषध पिण्यासारखें आहे.

ली शिझेन यांस कोलेस्टेरॉल ठाऊक होतें असें म्हटल्यानें त्यांचा गौरव होत नाहीं. जें पाहिलें, पडताळलें, तें त्यांनीं चोख नोंदविलें, हाच त्यांचा खरा मोठेपणा. आणि आपणही तसेंच वागणें, हाच त्यांचा खरा आदर होय.