शिडीची लिपी

मराठीच्या अध्यापकांनी कारखान्यातल्या यंत्रांच्या भाषेविषयी लिहावे, ही वाचकांना अनधिकार चेष्टा वाटेल. निमित्त असे घडले. आमचा एक जुना विद्यार्थी चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये वायरमन आहे. सरकी वेगळी झालेली रुई दाबून तिची १७० किलोंची गाठ बांधणारे यंत्र त्याच्या देखरेखीखाली असते. त्याने एकदा दुसऱ्या एका यंत्राचा प्रोग्राम लॅपटॉपवर उघडून दाखविला. दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये आडव्या ओळी, हुबेहूब शिडी. “सर, ही ओळ वाचा,” तो म्हणाला. आम्हांला वाचता येईना. मग तोच वाचू लागला, डावीकडून उजवीकडे, वरून खाली: दार बंद आहे, आणि तेलाचा दाब पुरेसा आहे, तर मोटार सुरू.

‘वाचणे’ हे क्रियापद तो अगदी सहज वापरीत होता, आणि आम्ही अडकलो ते तिथेच. या लिपीचे व्याकरण पाहू गेल्यास शाळेतल्या उभयान्वयी अव्ययांपलीकडे फारसे काही नाही. चिन्हे एकापुढे एक मांडली की ‘आणि’, एकाखाली एक मांडली की ‘किंवा’. ओळीच्या डाव्या बाजूस ‘जर’, उजव्या टोकास ‘तर’. यंत्रात बसविलेला छोटा संगणक, ज्याला पीएलसी म्हणतात, ही सारी शिडी सेकंदात कित्येकदा वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. इतका निष्ठावंत वाचक आमच्या वाट्याला अद्याप आलेला नाही. असो.

या लिपीचा जन्म संगणकाच्या आधीचा. पूर्वी यंत्रांचे नियंत्रण रिलेंकडे असे. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारा खटका. शेकडो रिले एका कपाटात बसवीत आणि त्यांच्या तारांचा नकाशा शिडीच्या आकारात काढीत. फिटर, वायरमन हा नकाशा वाचूनच बिघाड शोधीत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला या कपाटांचा कंटाळा आला. मोटारीचे मॉडेल बदलले की तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. त्यांनी रिलेंच्या जागी चालेल असे विद्युत-उपकरण मागितले. डिक मॉर्ले यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने ‘मोडिकॉन ०८४’ सिद्ध केले. त्या संस्थेचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ते नाव.

खरी गंमत पुढे आहे. गणिताची भाषा तेव्हा हाताशी होती. रिलेंची मांडणी बूलच्या बीजगणितात लिहिता येते, हे क्लॉड शॅननने १९३७च्या प्रबंधातच दाखविले होते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे पीडीपी-१४ हे प्रतिस्पर्धी यंत्र त्याच समीकरणांवर चाले. त्याचा प्रोग्राम स्मृतीत तारांनी विणलेला असे आणि ते विणकाम कंपनीकडे होई. मोडिकॉनने मात्र वायरमनची जुनी शिडीच पडद्यावर आणली. रिले गेले, तारा गेल्या, नकाशा राहिला. आपल्याकडे शिळाप्रेस आल्यावरही पोथ्या आडव्या सुट्या पानांच्याच छापल्या गेल्या, त्याची आठवण व्हावी. तेथे वाचकाची सवय छापखान्याने पाळली, येथे संगणकाने. १९९३च्या आंतरराष्ट्रीय मानकात शिडीसह पाच भाषा होत्या. त्यांपैकी इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ साली कालबाह्य ठरविली गेली, शिडी टिकून आहे.

ही सवय कधी फसवतेही. ‘थांबा’ हे बटण तारेच्या जोडणीत मुद्दाम बंद, म्हणजे वीज वाहती ठेवतात; तार तुटली तरी यंत्र थांबावे, म्हणून. मात्र शिडीत त्याच बटणासाठी उघड्या खटक्याचे चिन्ह काढावे लागते. बाहेरचा अर्थ एक, पानावरचे चिन्ह नेमके उलट! आमच्या मते नवशिक्याची कसोटी लागते ती येथे. जो चिन्हालाच वस्तू समजतो तो चुकतो.

विदर्भातल्या जिनिंगचे आधुनिकीकरण २०००साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर वाढले, आणि गाठीच्या प्रेसवर पीएलसी दिसू लागले. शिडी गावापर्यंत पोचली. तिच्यावर कुलूपही आले. आमच्या विद्यार्थ्याची गाठीची प्रेस ऐन हंगामात बंद पडली, तेव्हा तिचा प्रोग्राम पासवर्डमागे होता. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग, उन्हात ताटकळलेले शेतकरी, आणि ज्याला ही लिपी येते तो वायरमन पडद्यापुढे हात बांधून उभा. तिसऱ्या दिवशी परगावाहून माणूस आला. त्याने शिडी उघडली, दाराच्या खटक्याची एक ओळ पाहिली, खटका बदलला. काम वीस मिनिटांचे. पीडीपी-१४च्या विणलेल्या प्रोग्रामलाही गिऱ्हाईकाचा हात लागत नसे. पण तो नाइलाज तंत्राचा होता. जी लिपी वायरमनला वाचता यावी म्हणूनच जपली गेली, ती त्याच्यापासूनच झाकण्याला आम्ही नाइलाज म्हणणार नाही.

पुढे तो कित्येक रात्री पीएलसीवरचे दिवे पाहत बसला. कोणते दार लागले की कोणता दिवा पेटतो, दाब चढला की कोणता, हे वहीत टिपून त्याने अंदाजाने शिडी काढली. पूर्वी रिलेंच्या कपाटाच्या दारावर आतून नकाशा चिकटवीत, तसा त्याने तो कागद पॅनेलच्या दारावर चिकटविला आहे. ओळींवरची नावे मराठीत आहेत: दार, दाब, गाठ. सातव्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.