खाँसाहेबांची कॅसेट आणि आजोबांची उर्दू

आज भालकीच्या आमच्या जुन्या घरातली एक आठवण.

वसंतराव देशपांडे 30 जुलै 1983 ला गेले. त्याच पावसाळ्यात उदगीरचे मामा 'कट्यार काळजात घुसली'ची कॅसेट घेऊन आले. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. 24 डिसेंबर 1967 ला पहिला प्रयोग झाला तेव्हा वसंतराव 47 वर्षांचे. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेला हा माणूस खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून उभा राहिला. भूमिका तशी खलनायकाचीच. एक खून माफ असलेली कट्यार कमरेला, आणि पंडितजींच्या सदाशिवला गाणं शिकवायला साफ नकार. पण लोक परत परत जायचे ते याच खाँसाहेबांचं गाणं ऐकायला.

मामांनी नाटक पाहिलेलं. ते खाँसाहेबांची नक्कल करायला लागले, तर आजोबा मध्येच म्हणाले, "अरे, 'खान' असं नाही. तो ख घशातून काढ!"

आम्ही बघतच राहिलो. आजोबांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. 1948 नंतर ती उर्दू ट्रंकेत गेली. 1956 ला उदगीर मुंबई राज्यात गेलं, आम्ही म्हैसूर राज्यात. कचेरीचे कागद कन्नड झाले. रझाकारांचे दिवस आजोबांनी पाहिलेले. उर्दू शिकवा म्हटलं की म्हणायचे, "काय करायचीय ती आता?"

मामा सहज बोलून गेले, "वसंतराव मारवा शिकले ते पार लाहोरला, असदअली खाँकडे. मुंबईत अमानअली खाँकडेही शिकले."

आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे ज्याला उस्तादांनी एवढं दिलं, त्यानंच न देणारा उस्ताद रंगवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाटी घेऊन बोलावलं. अलिफ, बे, पे. आजी म्हणाली, "आता कशी आठवली?" त्यांनी उत्तर दिलं नाही.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. मागे शेताच्या वाटणीत निजामाच्या काळातला एक कागद निघाला. वाचणारं घरात कुणी नव्हतं. अडखळत का होईना, तो मी वाचला.

तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल. आजी-आजोबा आहेत तोवर उघडून घ्या.